ज्याचा फोटो, तोच गिऱ्हाईक

सासवडच्या पेठेत आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्टुडिओ टाकला तेव्हा रंगीत रोल धुवायला पुण्याला पाठवावे लागत. कामं ठरलेली होती. शाळेच्या फॉर्मचे पासपोर्ट, बारशाचं बाळ, आणि दिवाळीनंतर लग्नं. आमच्या पुरंदर तालुक्यात लग्न म्हटलं की पाठोपाठ जेजुरीचं दर्शन आणि घरी जागरण-गोंधळ आलाच, त्यामुळे लग्नाचा भाव सांगताना जागरणाची रात्र धरूनच सांगायची. खंडोबाची गाणी म्हणत नाचणाऱ्या वाघ्या-मुरळींची आणि आमची ओळख अशी धंद्यातून झाली. 'लोककला' हा शब्द दुकानात शिरायला पुढे बरीच वर्षं लागली.

जागरणात पाच उसांचा मांडव, त्याखाली चौक, दिवटी म्हणजे हातातली मशाल, कोटंबा म्हणजे वाघ्याचं भिक्षेचं पात्र. रात्री दिमडीवर, म्हणजे हातात धरायच्या कातडी वाद्यावर, थाप पडली की पहाटेपर्यंत खळ नाही. छत्तीस फोटोंचा रोल आणि अख्खी रात्र, म्हणून आण्णा रोल राखून ठेवायचे: घट मांडताना, तळी उचलताना आणि लंगर तुटताना. लंगर म्हणजे लोखंडी साखळी. वाघ्या ती हिसका मारून तोडतो, आणि तो क्षण हुकला तर परत मागता येत नाही. मधल्या तासांत फोटोवाल्याला काम नसतं. वाघ्या-मुरळींची पार्टी चहाला थांबते, तुणतुणं भिंतीला टेकतं, पावसाळी हवा असेल तर दिमडी शेकोटीवर धरून तापवतात, आणि माणसं बोलायला लागतात. मी आण्णांबरोबर बॅटऱ्यांची पिशवी धरायला जायचो, त्यामुळे फोटो काढायच्या आधी मला ऐकायची सवय लागली.

एका दिमडीवाल्या बाबांची गोष्ट अशी. आईला मूल जगत नव्हतं म्हणून तिने खंडोबाला नवस केला आणि हे जगले ते वाघ्या म्हणूनच. दिवाळीपासून उन्हाळ्याअखेरपर्यंत तारखा, आणि चातुर्मासात लग्नं थांबली की सीताफळाच्या तोडणीला मजुरी. सीझनमध्ये रात्रभर गाणारा गळा पावसाळ्यात आडत्याच्या दारात क्रेट मोजतो. हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. उलट कुठल्या वाडीवर कुणी किती इसार बुडवला हे मात्र नावानिशी पाठ!

मुरळीच्या गोष्टी सांगणं अवघड आहे. पूर्वी मुली मुरळी म्हणून देवाला सोडत. महाराष्ट्रात २००५ साली देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा झाला. आमच्या ओळखीच्या पार्ट्यांत आता मुरळी म्हणून नाचणाऱ्या बहुतेक जणी कलाकार म्हणून येतात, घरी नवरा-मुलं असतात. पण जुन्या पिढीतल्या एक मावशी स्टुडिओत आल्या आणि म्हणाल्या, "घाटी नको, दिमडी नको. खुर्चीवर बसून, पदर घेऊन काढ. लेकीच्या सासरी लावायचाय." घाटी म्हणजे मुरळीच्या हातातली घंटा. तो फोटो आम्ही कधी कुणाला दाखवलेला नाही, दाखवणारही नाही.

डिजिटल आलं, मग मोबाईल आला, आणि साध्या फोटोंचं काम निम्म्यावर आलं. त्याच सुमाराला सोमवती अमावस्येला जेजुरीत बाहेरचे फोटोवाले दिसू लागले. पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, भंडारा, म्हणजे हळद, आभाळभर उधळतो, दृश्य तर आहेच. पण पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या वाघ्याचा फोटो म्हणजे त्यांच्या लेखी सुरकुत्या: चेहरा जवळून, काळापांढरा, डोळे ओले वाटतील असे. असा त्यांचाच एक छापील फोटो कुणीतरी दिमडीवाल्या बाबांना आणून दिला. त्यांनी तो आमच्या काउंटरवर ठेवला आणि एवढंच विचारलं, "माझी दिमडी कुठाय यात?"

मला त्यांचं पटलं, आणि आमचा धंदा त्या प्रश्नावर वळला. वाजवणाऱ्याचा हात आणि वाद्य दिसत नसेल तर तो कुठल्याही म्हाताऱ्याचा फोटो झाला. या लोकांना फोटो कसा हवा असतो ते पक्कं असतं: फेट्यापासून पायापर्यंत उभा, कपाळावर ताजा भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, वाद्य छातीशी, नजर सरळ कॅमेऱ्यात. शहरी डोळ्याला हे जुनाट वाटतं. आम्ही तसेच काढतो, फक्त उजेड बाजूने घेतो. समोरून फ्लॅश मारला तर कवड्या नुसत्या पांढऱ्या होतात.

भंडाऱ्याबद्दल थोडं सांगतो, कारण तो शिकवून येत नाही. कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, एकच लेन्स लावायची आणि गडावर असताना ती काढायची नाही. हळद बसली तर आधी दाबायच्या रबरी फुग्याच्या हवेने उडवायची. ओलं फडकं लावलं की तिचा लेप होतो. रंगाची सेटिंग कॅमेऱ्यावर सोडली तर तो सगळीकडचं पिवळं पाहून बिचकतो, निळं मिसळतो आणि सोन्याची जेजुरी मळकी दिसते. म्हणून उन्हाची सेटिंग हाताने ठेवायची.

आता पार्ट्यांना तारखा मोबाईलवरून मिळतात. आम्ही त्यांना उभा फोटो, कार्ड, फ्लेक्स आणि दोन मिनिटांची क्लिप असं एकत्र करून देतो. क्लिपमध्ये खरी मेहनत आवाजाची असते. दिमडीची थाप माईकजवळ आली की फाटते, तुणतुण्याची तार सगळ्यांच्या वर चढते आणि मुरळीचा शब्द बुडतो. दिमडीवाल्याला मागे उभा करा म्हटलं तर तो रुसतो, कारण पार्टी त्याची असते. मग माईक हलवायचा, माणूस नाही. निम्मे पैसे आधी, निम्मे पहिली तारीख मिळाल्यावर. बुडवणारे फार थोडे निघाले. लग्नांच्या खालोखाल आज हेच काम आहे.

वासुदेव पहाटे येतो, त्यामुळे त्याच्यासाठी दुकान उघडं नसतं, आपणच गल्लीत उभं राहायचं. मोरपिसांच्या टोपीवर कोवळं ऊन तिरकं पडलं तरच पिसांचा निळा-हिरवा उमटतो. त्यांच्याकडून मात्र वेगळीच मागणी आली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. त्यानंतर फिरस्ते आमच्याकडे पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेट केलेलं कार्ड मागायला लागले. गावात शिरताना आधी पोलीस पाटलाला कार्ड दाखवायचं, मग चिपळ्या काढायच्या.

कायद्याची तऱ्हा निराळीच. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात गाऊन-नाचून सार्वजनिक जागी पैसे घेणं हीसुद्धा भीकच धरली आहे. आणि जातीच्या दाखल्यासाठी भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे पुरावे विचारतात. आयुष्यभर गावं फिरलेल्या आजोबाचा शाळेचा दाखला कुठून काढणार? मग लोक ट्रंकेतला वाळवी लागलेला फोटो आणतात, आजोबा टोपी घालून उभे. तो आम्ही दुरुस्त करून, मोठा करून देतो. दाखल्याच्या खिडकीवर एवढ्याने भागणार नाही, हेही आम्हालाच सांगावं लागतं. फोटो भिंतीवर जातो.

गेल्या काही वर्षांत दिनदर्शिका, हॉटेलच्या भिंती, कंपन्यांच्या भेटवस्तू यासाठी हे फोटो विकत मागायला लोक येतात. आमचा नियम सोपा आहे: फोटोतल्या माणसाची हो म्हणून सही, आणि पैशात त्याचा निम्मा वाटा. पहिल्यांदा अशी चौकशी आली तेव्हा मी दिमडीवाल्या बाबांना दुकानात बोलावून घेतलं. मी आकडा सांगायच्या आधी त्यांनीच समोरच्या साहेबांना सांगून टाकला, माझ्या मनात होता त्याच्या दुप्पट. साहेबांनी थोडी घासाघीस केली आणि दिला. तेव्हापासून अशा कामाचा भाव आम्ही आधी बाबांना विचारतो.