मागच्या सीटचं पासिंग

जपानमधल्या गाडी-तपासणीच्या रांगेतल्या त्या गृहस्थाने हातोडीने चाकांचे नट टकटक वाजवून पाहिले, बॅटरीचा झोत गाडीच्या मागच्या भागात टाकला आणि हातातल्या कागदावर बोट ठेवलं. कागदावर माणसं पाच. गाडीत मागे सीटच नाही! चूक माझी, आणि वर 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणत मान लववली त्यानेच.

गाडी म्हणजे १९९९ची टोयोटा अल्टेझा. साडेतीन लाख येनला घेतली, आपले दोन लाखांच्या आसपास. बॉनेटचा रंग उडालेला, पण ताकद मागच्या चाकांना, सहा गिअर आणि २१० हॉर्सपॉवर. ड्रिफ्टवाल्या पोरांची खरी लाडकी निसानची सिल्व्हिया. ती २००२मध्ये बंद झाली आणि आता तिचे भाव असे चढलेत की मी नुसती चौकशी करून परत आलो.

ड्रिफ्ट म्हणजे वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवायची आणि स्टिअरिंग उलटं धरून गाडी आडवी काढायची. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात नको असताना होतं, तेच इथे पैसे भरून करायचं. साध्या डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीवर, ते जमत नाही. वळणात आतल्या चाकावरचा भार उचलला की ते जागच्या जागी गरगरतं आणि बाहेरचं ढिम्म राहतं. स्वस्तातला इलाज म्हणजे आतल्या गिअरना वेल्डिंग मारून दोन्ही चाकं कायमची एकत्र बांधायची. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहा येईपर्यंत करून देतील. मी मात्र जुन्या मालातलं प्लेटांचं एलएसडी (एक चाक गरगरलं तरी दुसऱ्यालाही ताकद देणारं डिफरन्शियल) आणलं आणि शेजारच्या आजोबांच्या शेडमध्ये दोन रविवार घालवून बसवलं. आजोबा अधूनमधून येऊन न बोलता योग्य मापाचा पाना माझ्या हातात ठेवायचे.

बाकी कामं किरकोळ. उंची कमीजास्त करता येणारे शॉकअप. पुढे चांगले टायर, मागे गोटा होत आलेले. आणि हँडब्रेकच्या टोकाचं बटण बदललं. अंगठ्याएवढी वस्तू, पण ती बसवल्यावर दांडा ओढला तरी अडकत नाही, सोडला की सुटतो. वळणाच्या तोंडाशी क्षणभर ओढायचा, मागची चाकं अडली की गाडी शेपूट टाकते, मग ॲक्सिलरेटर. सांगायला सोपं आहे. निक्को सर्किट नावाच्या ट्रॅकवर (नाव शेजारच्या निक्कोचं, पत्ता मी राहतो त्या उत्सुनोमिया शहराचा) पहिल्या दिवशी अकरा वेळा गोल फिरून आलो त्या दिशेला तोंड करून उभा राहिलो.

मागची सीट काढली ती सुटी चाकं ठेवायला. वजनही तेवढंच कमी. आणि नेमकी तीच शाकेनमध्ये, म्हणजे इथल्या दर दोन वर्षांच्या पासिंगमध्ये, नडली. जमिनीपासून ९ सेंटिमीटर उंची हवी, ती मी आदल्या रात्री पट्टी लावून तीनदा मोजली होती. सीट काढली तर कागदावर माणसं कमी करून घ्यावी लागतात, गाडी पुन्हा वजनकाट्यावर न्यावी लागते, हे डोक्यातच आलं नाही. माझी गाडी, माझी सीट, मी एकटा बसणार. तरी पंधरा दिवसांची मुदत देऊन परत पाठवलं. दोन दिवस मी भेटेल त्याच्यापाशी हेच रडगाणं गात होतो.

"आपल्याकडे बरं" असं एकदा तोंडून गेलंही. पण कायद्याने पाहिलं तर आपणच जास्त कडक. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीने मंजुरी घेतलेल्या मूळ रचनेत बदल करायचा नाही. इथे निदान बदल करा, पण कागदावर आणा, एवढंच म्हणतात. कॉलेजात असताना पासिंगच्या दिवशी आम्ही मित्राचा सायलेन्सर उसना आणून बसवायचो आणि संध्याकाळी परत करायचो. इथली पोरं किती शिस्तीची, असं लिहिणार होतो, पण रांगेत माझ्या पुढच्यानेही मूळ सायलेन्सर सकाळीच बसवला होता. त्यानेच सांगितलं.

आता खर्चाचं. ऑफिसातले लोक गोल्फवर उडवतात त्याहून हे कमीच आहे. शिवाय दारू नाही, सिगरेट नाही. हा हिशेब आईला सांगितला तर ती म्हणाली, "ते असू दे. मागं सीट नाही, मग एप्रिलमध्ये आम्ही आल्यावर काय टपावर बसायचं व्हय रे?"

सीट इतके दिवस माझ्या खोलीत भिंतीला टेकून होती, वर सोलापुरी चादर. सोफा म्हणूनच वापरायचो. व्हिडिओ कॉलवर आईला तो सोफाच वाटायचा आणि मीही कधी खरं सांगितलं नव्हतं. माणसं दोन करून घेण्याचा फॉर्म भरून तयार होता. तो तसाच ड्रॉवरमध्ये ठेवला आणि शनिवारी सीट परत गाडीत बसवली. एक बोल्ट हरवला होता. आजोबांच्या डब्यात सापडला.

मंगळवारी पुन्हा रांगेत. गृहस्थ तेच. त्याने मागचं दार उघडलं, चादरीचं टोक उचललं, पट्टे मोजले. एक, दोन, तीन. मग चादर होती तशी नीट दुमडून ठेवली आणि कागदावर शिक्का मारला.