फ्रिज गरम करायचा खटाटोप

घरी बिअर करणाऱ्यांचे व्हिडिओ बघूनच मला हे सुचलं, ते आधी कबूल करते. जुना फ्रिज, आत एक बल्ब, बाहेर तापमान बघून दोन्ही चालू-बंद करणारा कंट्रोलर. मे असो की जानेवारी, आत हवं तेच तापमान. पण परवान्याशिवाय घरात बिअर करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, १९४९चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे. शिवाय मला करायचं होतं टेम्पे. शिजवलेल्या सोयाबीनवर ऱ्हायझोपस नावाची बुरशी वाढवायची, की दीड-दोन दिवसांत दाण्यांची पांढरी घट्ट वडी होते. मूळ पदार्थ जावाचा. त्याला सलग ३०-३२ अंश लागतात, आणि जानेवारीच्या रात्री कोथरूडमध्ये ते आणायचे कुठून? दिवसा गॅलरीत, रात्री गोधडीत, असे दोन घाणे वाया घालवल्यावर मी फ्रिज शोधायला लागले.

भंगारवाल्याकडे सिंगल डोअर मिळाला, दीड हजारात. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. दाराचं रबर एका कोपऱ्यात आखडलेलं, ते हेअर ड्रायरनं गरम करून बसवलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आहे तो गार करतोय ना? मग हा कशाला?" गरम करायला, म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

कंट्रोलर आणला तापकीर गल्लीतून, एसटीसी-१०००. मागे आठ स्क्रू : १-२ला वीज, ३-४ला सेन्सर, ५-६ला हीटर, ७-८ला फ्रिज. मी बल्बच्या दोन्ही वायरी सरळ ५-६मध्ये कसल्या. आकडे उजळले, हीटचा दिवा लागला, आतून टक् असा आवाजही आला. बल्ब ढिम्म. दोनदा बल्ब बदलला, मग माल खराब निघाला म्हणून तणतणत परत दुकानात. काकांनी कंट्रोलर हातातही घेतला नाही. "ताई, आत नुसतं बटण आहे हो. भिंतीतल्या बटणाला वायरमन फेज आणून देतो ना? तशी यालाही द्यायची." म्हणजे १ वर आलेल्या फेजचा एकेक तुकडा ५ आणि ७ वर न्यायचा, ६ आणि ८ मधून बल्ब आणि फ्रिज, दोघांचं न्यूट्रल थेट. फ्रिजची अर्थिंग तशीच ठेवायची. जोडून झाल्यावर आमच्या वायरमनला दाखवलं, मगच प्लग लावला. २३० व्होल्टच्या बाबतीत विचारायचा संकोच करू नये.

सेन्सरच्या वायरीसाठी फ्रिजला भोक पाडायचा मोह टाळला, कारण काही फ्रिजमध्ये गॅसच्या नळ्या भिंतीतच असतात. वायर दाराच्या रबरातून आत घेतली. ४० वॉटचा बल्ब पत्र्याच्या डब्यात, म्हणजे ऊब येते आणि सोयाबीनची पिशवी थेट बल्बला टेकत नाही. फ्रिजचा स्वतःचा नॉब पूर्ण थंडवर. सेटिंग ३१, फरक १ अंश. तीसच्या खाली गेलं की बल्ब, बत्तीसच्या वर गेलं की कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर लगेच चालू झाला तर आतल्या दाबाविरुद्ध त्याला जोर लावावा लागतो, म्हणून कंट्रोलरच्या एफ३ या सेटिंगमधला उशीर तीनवरून पाच मिनिटांवर नेला.

पहिला घाणा मी थाटात घातला. तीन पिशव्या एकावर एक रचल्या. रात्री झोपेपर्यंत चार वेळा आकडा पाहिला : ३०.८, ३१.२, सगळं छान. सकाळी दार उघडलं तर अमोनियाचा भपकारा. मधल्या पिशवीत थर्मामीटर खुपसला, ४३. दाणे चिकट, तारा सुटत होत्या. आकडा खोटा नव्हता, तो हवेचा होता. बारा-चौदा तासांनी बुरशी जोर धरते तेव्हा ती स्वतःच उष्णता सोडते, आणि माझा सेन्सर आपला कप्प्याच्या कोपऱ्यात लोंबकळत होता. बिअरवाले सेन्सर पिंपालाच चिकटवून वर फोम लावतात, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. नुसतं पाहिलं होतं.

आता सेन्सर पिशवीला टेपनं चिकटवून वर थर्माकोलचा तुकडा दाबते. पिशव्या जाळीवर सुट्या, इंचभर जाडीच्या, सुईनं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर भोकं पाडलेल्या. कॉम्प्युटरमधला जुना पंखा आत हवा फिरवतो, आणि बुरशीला श्वास हवा म्हणून सकाळ-संध्याकाळ दार मिनिटभर उघडते. पहिले बारा तास बल्ब, नंतर बहुतेक काम कॉम्प्रेसरच करतो. म्हणजे फ्रिज गरम करायला घेतला, आणि तो शेवटी गारच करतोय. हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

परवा वडी कापली तर सुरी अडकली नाही. दाण्यादाण्यात पांढरं विणलेलं, वास अळंबीसारखा. काल पुढचा घाणा घालायला गेले, तर आत इडलीच्या पिठाचं पातेलं बसलेलं, वर ताट झाकलेलं, आणि कंट्रोलरवर २९.