धोडपचे थर नोंदवायला जाणार असाल तर

नाशिककडचे डोंगर म्हणजे लाव्हाचे नुसते आडवे थर, उंची टिपत चढलात की नकाशा तयार, असं मला सांगितलं होतं. धोडप किल्ल्यावर हे साफ खोटं आहे. सुळक्यापासून निघालेली ती सरळसोट भिंत, जिच्यात खाच आहे, ती थर नाहीच. ती डाइक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा उभ्या भेगेत शिरला आणि तिथेच थिजला. आजूबाजूचा खडक झिजला, भिंत उरली. ती आडवी दाखवलीत तर सगळा नकाशा फुकट.

पायथ्याच्या हट्टी गावापासून सोनारवाडीपर्यंतची वाट सोपी आहे. खरा छळ भिंतीच्या पायथ्याशी. डाइक आणि थर भेटतात ती रेषा हवी तर कड्याला चिकटून आडवं जावं लागतं. पायाखाली सुटा मुरूम, त्यावर वाळकं गवत, आधाराला फक्त कारवी. एका हातात हातोडी, दुसऱ्यात कारवी. ब्रंटन (दिशा आणि उतार मोजायचा होकायंत्र) काढायला हातच उरत नाही. एकट्याने अजिबात जाऊ नका. दोर न्या, आणि ऊन चढायच्या आत तिथून बाहेर पडा. पण ती रेषा हाताला लागली तेव्हा सगळा शीण गेला! काठाला खडक अगदी बारीक कणांचा, आत जावं तसा भरड होत जातो. थंड होतानाच्या भेगा थंड पृष्ठभागाला काटकोनात पडतात, म्हणून थरात खांब उभे आणि डाइकमध्ये आडवे, रचलेल्या सरपणासारखे. भिंतीची दिशा मात्र वरून, सुळक्याच्या बाजूने तिच्या रोखाने घ्या. खाली घसरत घेतलेलं माप कुचकामी.

थर ओळखताना रंगावर जाऊ नका, उघडा कातळ सगळाच काळा पडतो. दोन लाव्हाप्रवाहांमधली तांबडी पट्टी, म्हणजे रेड बोल, शोधा. खाली बुडबुड्यांची छिद्रं आणि त्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक, वर घट्ट बेसाल्ट, असं दिसलं की तोच सांधा. ही चिकण पट्टी पाणी अडवते, त्यामुळे पाझर दिसला की तिथे आधी खणून बघा.

मोबाइलच्या उंचीवर विसंबू नका, १०-२० मीटरचा फरक सहज पडतो. बॅरोमीटर टोपोशीटवरच्या (उंचीच्या रेषा असलेल्या नकाशावरच्या) ज्ञात उंचीशी जुळवा आणि उतरताना त्याच जागी पुन्हा तपासा, कारण हवेचा दाब दिवसभर बदलतो. जानेवारी-फेब्रुवारीच बरा, ऑक्टोबरात गवत सगळं झाकून टाकतं.

वडाळीभोईहून जीप केलीत तर जाण्यायेण्याचं भाडं आधीच एकत्र ठरवा. आमच्याकडून परतीचे दुप्पट घेतले, आणि अंधारात हट्टीत उभं राहून घासाघीस करायचं त्राण कुणातच नव्हतं.