आंब्याखालचं कोर्ट

आमच्या घराच्या मागच्या अंगणात हरळीसुद्धा तग धरत नाही. रत्नागिरीजवळचं जुनं घर, मागे दोन थोराड हापूस आणि कडेला एक फणस. भर दुपारीही जमिनीवर फक्त कवडसे पडतात. दोनदा लॉन लावून पाहिलं. पहिलं पिवळं पडून गेलं, दुसऱ्याचा पावसाळ्यात चिखल झाला. लेकीला बॅडमिंटनचं वेड आणि खेळायला जागा तेवढीच. ती तिथे घसरून मनगट दुखावून बसली, तेव्हा टर्फचं, म्हणजे कृत्रिम गवताचं, कोर्ट करायचं आम्ही नक्की केलं.

पहिल्या ठेकेदाराने सरळ सांगितलं, एक आंबा काढा, खाली स्लॅब टाका, वर टर्फ चिकटवून देतो. सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, एवढंच म्हणाले, “झाडाला हात लावायचा नाही.” विषय तिथेच संपला. मलाही ते पटलं होतं. मुळांवर सिमेंटचं झाकण घातलं तर हवा आणि पाणी खाली जाणार कुठून?

दुसऱ्याने झाडं न तोडता काम केलं, पण मे संपता संपता. खाली मुरूम, वरून रोलर, उतार नजरेच्या अंदाजाने. शेवटच्या दिवशी वळवाची सर आली आणि ओलसर पायावरच जोडाची पट्टी चिकटवली गेली. मी तेव्हाच काम थांबवायला हवं होतं. जुलैत जोड उकलला, एका कोपऱ्यात पाणी तुंबलं आणि गणपतीपर्यंत त्या कोपऱ्यावर शेवाळाचा थर आला. उघड्या मैदानावर टर्फ उन्हात तापून पाय भाजतात. सावलीत ती काळजी नाही, पण भिजलेलं टर्फ वाळतच नाही. हे आम्हाला पैसे घालवून कळलं.

पाऊस गेल्यावर सगळं उचललं. या वेळी गावातले एक जुने गवंडी आले. टर्फ त्यांनी आयुष्यात लावलं नव्हतं, पण पहिलं वाक्य बोलले ते असं: “वहिनी, आधी पाणी कुठं जातं ते बघा.” लेव्हल पाइप धरून त्यांनी अख्खं अंगण मापलं. कोर्टाची जागा 50 बाय 26 फूट, आणि मागच्या पऱ्याकडे (ओहोळाकडे) 26 फुटांत 3 इंचांचा उतार धरला, म्हणजे शंभराला एक. खेळताना तो जाणवतही नाही, पण पाणी बरोबर वाट धरतं.

खोदाई टिकाव-फावड्याने केली, जेसीबी आत येऊ दिला नाही. जिथे जाड मूळ लागलं तिथे खोली कमी ठेवली, मूळ तोडलं नाही. मुरूम काढून टाकला, कारण त्यातली माती ओल धरून ठेवते. तळाला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर चार इंच 40 मिमीची खडी, वर दीड इंच ग्रिट, म्हणजे खडीचा बारीक चुरा. प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने दाबला. कडेने जांभ्याचे चिरे लावले, पऱ्याच्या बाजूला मात्र मध्ये मध्ये फटी सोडल्या. पायाचा खर्च टर्फच्या जवळपास गेला. घरात त्यावरून कुरबुर झाली, पण मी मागे हटले नाही.

टर्फ 15 मिमी उंचीचं घेतलं. फुटबॉलसाठी 40-50 मिमीचं उंच टर्फ वापरतात, पण आखूड पात्यांत पाला कमी अडकतो आणि पायही नीट वळतो. रोल 4 मीटर रुंद, म्हणजे साधारण 13 फूट. दोन शेजारी ठेवले की 26 फूट भरले, एकच जोड! बॅडमिंटन कोर्ट 44 बाय 20 फुटांचं, चारही बाजूंना तीन फूट मोकळे. त्यामुळे तो जोड नेमका मधल्या रेषेवर आला आणि पांढऱ्या पट्टीखाली झाकला गेला. फक्त जाळ्याजवळ, जिथे मधली रेषा नसते, तिथे तो वाकून पाहिलं तर दिसतो. दोन्ही रोलची लव, म्हणजे पात्यांचा कल, एकाच दिशेला ठेवायची हे अगदी महत्त्वाचं, नाहीतर एक पट्टा गडद आणि एक फिका दिसतो. रोल एक दिवस पसरून ठेवले, सुरकुत्या गेल्यावरच कापले. गोंद लावला तो कोरड्या दुपारी.

वरून धुतलेली, वाळवलेली सिलिका वाळू, 50 किलोची 40 पोती. समुद्राची वाळू जवळ आहे, ती वापरा असं बरेच जण म्हणाले. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा, म्हणून नको म्हटलं. वाळू थोडी थोडी पसरून खराट्याने लवेच्या उलट घासली की ती पात्यांत उतरते आणि पाती ताठ उभी राहतात.

झाडांच्या खालच्या चार-पाच फांद्या तेवढ्या छाटल्या, कापावर बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावली. शटल अजूनही अधूनमधून वर अडकतं. त्यासाठी बांबू ठेवलाय.

दोन पावसाळे गेले, जोड घट्ट आहे. पाला मात्र रोज झाडावा लागतो. तो कुजला की टर्फच्या तळाची भोकं बुजतात. आणखी एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती: मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा (मोहोरावरच्या किडीचा) मधासारखा चिकट स्राव खाली गळतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. त्या महिन्यात संध्याकाळी पाइपने धुतो. सकाळी सातला लेक जाळं लावते, कडांना 1.55 मीटर, मध्ये किंचित कमी, आणि अप्पा मागच्या पडवीत बसून तिचे गुण मोजतात.