मिसळ संपली आहे

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी नारायण पेठेतल्या मिसळीच्या एका लहानशा हॉटेलात मी एकला दहा मिनिटे असताना पोहोचलो आणि नेमक्या त्याच वेळी गल्ल्यावरच्या काकांनी, माझ्याकडे न पाहताच, 'मिसळ संपली आहे' ही पाटी दाराच्या खिळ्याला अडकवली. आत चार टेबले अजून भरलेली होती. त्यांतल्या दोघांनी सँपल (वाटीभर जादा रस्सा) मागितले आणि त्यांना ते मिळालेही, म्हणजे रस्सा शिल्लक होता. मी हे काकांच्या लक्षात आणून दिले, कारण कोथरूडहून रिक्षा करून आलेला माणूस इतक्या सहज मागे फिरत नाही.

"रस्सा आहे हो, मटकी नाही," ते म्हणाले. "नुसत्या रश्शावर मिसळ द्यायची असती तर रात्री दहापर्यंत दिली असती."

परतताना मी चिडलो होतो हे कबूल करतो. मात्र घरी पोहोचेपर्यंत हे वाक्य डोक्यातून जाईना, आणि पुण्यात गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे ज्या ज्या हॉटेलांत मी मनापासून जेवलो किंवा खाल्ले, त्यांची यादी मनात केली तेव्हा असे दिसले की त्यांतल्या बहुतेक ठिकाणी काही ना काही रोज संपत असे. (हॉटेल हा शब्द मी आपल्याकडच्या अर्थाने वापरतो आहे. मुक्कामाला जायचे असेल तर आपण लॉजवर जातो आणि खायचे असेल तर हॉटेलात.)

मटकीचे गणित पाहिले म्हणजे काकांचे म्हणणे पटते. रविवारी सकाळी ताटलीत पडणारी मटकी शुक्रवारी संध्याकाळी भिजत घालावी लागते, शनिवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी लागते, तेव्हा कुठे रविवारी पहाटे तिला बोटाच्या पेरापेक्षा आखूड, पांढरा, खुसखुशीत मोड आलेला असतो. डिसेंबरात पुण्याला थंडी पडली की मोड यायला आणखी वेळ लागतो आणि मे महिन्यात उलट त्यांना नको तितकी घाई होते. ते लांबले की उसळीला उग्र वास येऊ लागतो. म्हणजेच रविवारी किती गिऱ्हाईक येईल याचा अंदाज त्या माणसाने शुक्रवारीच बांधलेला असतो, आणि तो चुकला तर रविवारी दुपारी त्याच्या हातात करण्यासारखे काहीही उरत नाही. रश्शात पाणी घालून तो वाढवता येतो आणि फरसाण कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येते. कांदा काय, कधीही चिरता येतो. मटकी तेवढी वाढवता येत नाही. त्यामुळे मिसळीच्या हॉटेलात मटकी संपूनही मिसळ चालू राहत असेल तर गिऱ्हाइकाच्या ताटलीत नेमके काय चालले आहे, हे त्याने चमच्याने शोधून पाहावे.

जुन्या पुणेरी पद्धतीची मिसळ वाढताना मी अनेकदा गल्ल्याशेजारी उभा राहून पाहिली आहे. खोलगट ताटलीत आधी पोह्यांची एक मूठ पडते, तिच्यावर मटकीची उसळ, तिच्यावर बटाट्याची थोडी भाजी, मग शेव-चिवडा, आणि कांदा-कोथिंबीर. रस्सा सर्वांत शेवटी आणि तोही कडेने घालतात, मधोमध नाही, कारण मधोमध घातला तर शेव टेबलावर येईपर्यंत मऊ पडते. वाढणाऱ्याचा डावा हात तोपर्यंत पुढच्या ताटलीकडे गेलेला असतो. मुंजाबाच्या बोळातल्या बेडेकरांकडे किंवा तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनात सकाळच्या गर्दीत हे काम ज्या वेगाने चालते, तो वेग पदार्थ मोजके असल्यामुळेच शक्य होतो. पावाऐवजी स्लाइस देण्याची जुनी रीत मला स्वतःला अधिक पटते, कारण स्लाइस रस्सा पिते आणि पाव त्याच्याशी झगडत बसतो. यावर मतभेद आहेत आणि ते पुण्यात असणारच.

बाहेर खाण्याची माझी सुरुवात मात्र मिसळीने झाली नाही, ती मेसच्या सुट्टीमुळे झाली. बार्शीहून शिकायला आलो तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत चालणारी मेस लावली होती. तिथे सगळा कारभार खाड्यांवर चाले. दुसऱ्या दिवशी जेवायला येणार नसू तर आदल्या रात्री वहीत खाडा मांडायचा आणि सलग तीन दिवसांहून अधिक खाडे झाले तरच महिन्याच्या पैशांतून वजावट मिळायची. मला हा नियम शुद्ध लबाडीचा वाटत असे. एकदा मी तसे बोलूनही दाखवले, तेव्हा पोळ्या लाटणाऱ्या काकूंनी लाटणे न थांबवता विचारले, "तू आयत्या वेळी आला नाहीस तर तुझ्या चार पोळ्या मी कुणाला घालू? आणि न सांगता मित्राला घेऊन आलास तर कुणाच्या ताटातल्या काढू?" ज्या घरात फ्रिज नव्हता आणि साठ मुले दोन पंगतींत जेवत होती, तिथे ती वही म्हणजेच सगळा हिशेब होता. पोळ्या शेवटच्या मुलाला अगदी मोजून पुरत आणि त्यानंतर येणाऱ्याला भात-आमटीवर भागवावे लागे.

रविवारी दुपारी फीस्ट असे, म्हणजे मसालेभात, पुऱ्या आणि एखादे गोड, आणि संध्याकाळी मेस बंद. पुण्यात मेसवर जेवलेल्या प्रत्येकाला ती रविवारची संध्याकाळ ठाऊक असते. दुपारची पुरी पचलेली नसते, खिशात महिनाअखेर असते आणि तरीही साडेआठला भूक लागतेच. त्या संध्याकाळी आम्ही तिघे-चौघे कधी सारसबागेजवळच्या पावभाजीकडे जायचो, तर कधी एखाद्या उडपी हॉटेलात.

उडपी हॉटेलांनी संपण्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला, आणि मला त्यांचे त्याबद्दल फार कौतुक आहे. फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली पूर्वी मद्रास हेल्थ होम या नावाने आणि रूपाली कॅफे मद्रास या नावाने ओळखली जात असे, आणि जगन्नाथ शेट्टी यांनी त्या दोन्ही नावारूपाला आणल्या. आज वैशालीसमोर रविवारी रांग लावणारे निम्मे लोक एसपीडीपीसाठी, म्हणजे शेव-बटाटा-दहीपुरीसाठी आलेले असतात हे खरे असले, तरी अशा हॉटेलांचा कणा म्हणजे आदल्या दिवशी वाटून रात्रभर आंबवलेले पीठ. सकाळी ते ताजे आणि हलके असते तेव्हा त्याच्या इडल्या होतात. दिवस चढत जातो तसे पीठ आंबट होते, आणि आंबट पिठाचा उत्तप्पा इडलीपेक्षा कितीतरी चांगला लागतो. उरलेल्या इडल्यांची फोडणीची इडली होते. त्यामुळे रात्री साडेआठला इडली मागणाऱ्या आम्हा मुलांना वेटर, ज्याला सगळे अण्णा म्हणत, ठरलेल्या सुरात सांगत असे, "इडली खलास. उत्तप्पा घ्या." तो आमच्या भल्याचेच सांगत होता हे मला फार उशिरा, स्वतः घरी पीठ वाटायला लागल्यावर कळले.

अमृततुल्याचा चहा या सगळ्याला अपवाद म्हणता येईल, कारण तो दिवसभर संपतच असतो आणि दिवसभर नव्याने होतच असतो. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात रुजवलेली ही दुकाने. पाटीवर बहुधा देवाचे '-ेश्वर' असे शेवट असलेले नाव. दूध, पाणी, साखर आणि चहाची भुकटी एकत्रच पितळी पातेल्यात चढते, त्यात कुटलेले आले-वेलदोडा पडतो, आणि करणारा माणूस पळीने चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडत राहतो. मग फडक्यातून केटलीत गाळतो. एक आधण दहा-पंधरा मिनिटांत उठते आणि लगेच पुढचे चढते, त्यामुळे गर्दीचे अमृततुल्य आणि ओसाड अमृततुल्य यांच्या चहात चवीचा फरक पडतो तो कृतीमुळे नव्हे, चहा केटलीत किती वेळ बसला त्यामुळे. डेक्कनच्या, १९३५ पासून चालू असलेल्या कॅफे गुडलकमधला बनमस्काही याच जातीचा. बन कापायचा, मस्का लावायचा आणि पुढे सरकवायचा. तिथे माझे एरवीचे संपण्याचे शास्त्र लागू होत नाही आणि मी ते लावतही नाही.

ज्या ठिकाणी काहीच संपत नाही, अशाही एका हॉटेलात मी दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब गेलो होतो. शहराबाहेर, महामार्गालगत, मोठे आवार, लाकडी बैलगाडी, झोपाळा आणि प्लॅस्टिकमध्ये मढवलेले बावीस पानी मेनूकार्ड. रात्रीचे नऊ वाजले होते. मुलीने पनीरचे काहीतरी मागवले, पत्नीने पिठले-भाकरी मागवली आणि मी केवळ खोडसाळपणाने मिसळ मागवली. ती सहा मिनिटांत आली. रस्सा वाफाळत होता आणि मटकीचा घास मधोमध बर्फासारखा गार होता. वर बिलात दहा टक्के सेवाशुल्क. हे शुल्क आपोआप लावता येत नाही असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलूनही धरले. पण त्या रात्री मी नुसते "हे काढा" म्हटल्यावर व्यवस्थापकाने एका शब्दाने वाद न घालता ते काढून टाकले, यावरून रोज किती जण असे सांगत असतील याचा अंदाज मला आला. मटकीबद्दल मात्र त्याने निरागसपणे विचारले, "सर, गरम करून देऊ?"

मुंबईचा माझा एक मित्र माझ्या या आवडीला पुणेरी माजाची भलामण म्हणतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. 'सुटे पैसे द्या', 'पार्सल मिळणार नाही', 'टेबल अडवून गप्पा मारू नयेत' अशा पाट्या भिंतीवर एकाखाली एक लावणाऱ्या मालकाला गिऱ्हाईक नकोसे झाले आहे की काय, अशी शंका मलाही येते, आणि संपले हे सांगण्याच्या तऱ्हेत सौजन्य ठेवायला काही खर्च येत नाही. तरीही पहाटे चारला भटारखाना पेटवणारा माणूस दुपारी एकला थकलेला असतो, एवढे तरी त्याच्या पदरात टाकायला हवे. शिवाय उरलेल्या मालाचा तोटा त्याच्याच माथी बसतो. एकोणीस किलोचे व्यावसायिक सिलिंडर तो घरगुती सवलतीच्या भावाने घेत नसतो. चाळीस ताटल्या जास्त करून पंधरा उरवण्यापेक्षा दहा गिऱ्हाइके परत पाठवलेली त्याला परवडतात. त्या दहांत आपण असलो की राग येतो, इतकेच.

परवाच्या रविवारी मी साडेनऊलाच पोहोचलो. टेबल रिकामे नव्हते, म्हणून काकांनी मला एका आजोबांच्या समोर बसवले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालून माझ्या ताटलीपुरती जागा केली आणि नंतर एक शब्दही बोलले नाहीत. फक्त माझा रस्सा संपत आलेला पाहून त्यांनी स्वतःसाठी मागवलेल्या सँपलची वाटी अर्धी माझ्या ताटलीत ओतली. मटकी गरम होती, मोड आखूड होते. पैसे देताना मी काकांना विचारले, आज किती वेळ चालेल? त्यांनी मागे वळून आतल्या पातेल्याकडे एकदा पाहिले.

"तीसेक ताटल्या निघतील," ते म्हणाले. "कुणाला बोलवायचं असेल तर आत्ता फोन करा. ठेवत मात्र नाही."