१२८ जीबीतली ३२ जीबी गेली कुठे? टीआरएक्स५० बोर्डाची जोडणी, पुढचा टप्पा

टीआरएक्स५० म्हणजे एएमडीच्या थ्रेडरिपर प्रोसेसरसाठीचा मदरबोर्ड. तो अजून स्वतःच्या खोक्यावरच उघडा मांडलेला आहे. प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एक साधं ग्राफिक्स कार्ड, एवढंच जोडलंय. ईएटीएक्स (नेहमीपेक्षा मोठ्या) आकाराचा बोर्ड कॅबिनेटात बसवून केबली ओवून झाल्या आणि मग काही बिनसलं, तर सगळं परत उपसावं लागतं. म्हणून बाहेर पूर्ण चाचणी झाल्याशिवाय आत काही जात नाही. या वेळी त्याचा चांगलाच उपयोग झाला.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळा राहिला. हे अपेक्षितच होतं. मेमरी कंट्रोलर प्रत्येक मॉड्यूलचं टायमिंग जुळवत असतो (यालाच ट्रेनिंग म्हणतात) आणि डीडीआर५ आरडीआयएमएमच्या, म्हणजे सर्व्हर-वर्कस्टेशनच्या रॅम मॉड्यूलांच्या बाबतीत त्यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात. बोर्डावरचा दोन अंकी पोस्ट कोड (मशीन सुरू होण्याचा टप्पा दाखवणारा) बदलत असेल तर वीज तोडू नका, थांबा.

मग बायोस उघडलं. ३२ जीबीची चार मॉड्यूलं लावलेली, आणि दिसतात ९६ जीबी. एक चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीमधला एक मार्ग, पूर्ण गायब.

अशा वेळी लोक लगेच मेमरीचं व्होल्टेज वाढवतात, वेग कमी करतात, बायोस अपडेट करतात. माझं ठाम मत आहे की आधी जागा ओळखावी. गायब स्लॉटमधलं मॉड्यूल शेजारी लावलं, शेजारचं तिथे. मॉड्यूल नव्या जागी नीट दिसलं, रिकामा राहिला तो जुनाच स्लॉट. म्हणजे रॅम निर्दोष. उरले तीन संशयित: स्लॉट, बोर्डावरच्या तारा आणि सॉकेट.

मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे स्लॉटकडे जाणारा प्रत्येक सिग्नल सॉकेटमधूनच जातो. या बोर्डाच्या सॉकेटला, एसटीआर५ला, ४८४४ पिना आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा वीज आणि ग्राउंडच्या. त्यांपैकी एखादी नीट टेकली नाही तर शेजारच्या भार उचलतात. मेमरीच्या सिग्नलला असा आधार नसतो, त्याची पिन एकच. म्हणून सॉकेटमध्ये कुठे संपर्क कच्चा असला की मशीन सुरू तर होतं, पण चॅनेल हरवतं.

कूलर काढला, फ्रेमचे स्क्रू छापलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने, ३-२-१ असे सोडले. पिनांना हात न लावता टॉर्चचा उजेड तिरका टाकून पाहिलं: सगळ्या ओळी सरळ चमकत होत्या, वाकलेली पिन दिसली की तिथे ओळ तुटते. प्रोसेसरच्या खालच्या बाजूला मात्र एका कडेच्या पॅडवर बारीकसा तंतू चिकटलेला सापडला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड घेऊन सगळे पॅड पुसले, पूर्ण वाळू दिले. मग १-२-३ क्रमाने, टॉर्क स्क्रूड्रायव्हर 'टक्' म्हणेपर्यंत स्क्रू आवळले, नवी थर्मल पेस्ट लावली, कूलरचे स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडे थोडे फिरवले. पुन्हा ट्रेनिंगची वाट पाहिली.

१२८ जीबी! चारही चॅनेल.

यावर थांबलो नाही, कारण मेमरी नुसती दिसणं आणि ईसीसी, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करणारी सोय, चालू असणं वेगळं. लिनक्समध्ये हार्डवेअरची माहिती देणाऱ्या डीएमआयडीकोड या आज्ञेने टोटल विड्थ ८० आणि डेटा विड्थ ६४ दाखवली. वरचे १६ बिट ईसीसीचे. डीडीआर५च्या चिपच्या आत जी दुरुस्ती होते ती निराळी, तिच्यात आणि यात गल्लत करू नये. या चुकांची नोंद ठेवणारा ईडीएसी ड्रायव्हर लोड झालाय, दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा शून्य. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवलं, तेही स्वच्छ.

आता कॅबिनेट. बोर्डाच्या भोकांशी न जुळणारे स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते धातूचे खुंट) आधीच काढून ठेवलेत, नाहीतर मागून शॉर्ट व्हायचं. त्यानंतर खरं ग्राफिक्स कार्ड. ते १६ लेनवर (प्रोसेसरशी जोडणाऱ्या डेटाच्या वाटांवर) चालतंय का, हे लिनक्सच्या एलएसपीसीआय या आज्ञेने बघायचं आहे. कार्ड निवांत असताना लिंकचा वेग कमी दिसला तर घाबरायचं नाही, लेनची संख्या बघायची.