जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये ऑइल की ग्रीस? माझा अनुभव

जुनी जीप बाळगणाऱ्याला सल्ल्यांची कधीच ददात नसते. आमच्या सीजे ३बी या जुन्या जीपच्या पुढच्या एक्सलच्या जॉइंटला वंगण कोणतं घालायचं, हे मी नाशकात जितक्या जणांना विचारलं तितकी उत्तरं मिळाली. एक म्हणाला, "ईपी ९० ऑइल. दुसरं काही घालायचंच नाही." दुसरा म्हणाला, "एपी थ्री ग्रीस ठासून भर, वर्षभर बघायला नको." तिसऱ्याने तर दोन्ही एकत्र कालवायला सांगितलं. (ईपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, जास्त दाब सोसणारं वंगण; ईपी ९० हे गिअर ऑइल, एपी थ्री हे घट्ट ग्रीस.) गंमत म्हणजे तिघांच्याही गाड्या चालू आहेत, त्यामुळे खोडून काढायचं कोणाला?

गाडी मूळची काकांची. दिंडोरीकडच्या मळ्यात द्राक्षांचे क्रेट वाहण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. आता ती माझ्याकडे आहे आणि पावसाळ्यात त्र्यंबक, हरसूल, इगतपुरी या बाजूला फिरते. तक्रार अशी होती की डाव्या चाकामागचा मोठा लोखंडी चेंडू कायम ओला, त्यावर धूळ बसून काळा लगदा झालेला. आणि फोर व्हील टाकून स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं की आतून कट-कट आवाज.

ज्यांनी हा प्रकार जवळून बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा जॉइंट म्हणजे चाक वळलेलं असतानाही एक्सलचं फिरणं चाकापर्यंत पोचवणारा सांधा. हल्लीच्या गाड्यांत तो रबरी बूटात असतो, जुन्या जीपमध्ये तसं नाही. एक्सलच्या टोकाला पोकळ चेंडू, त्यावर वर-खाली किंगपिनवर, म्हणजे उभ्या खुंट्यांवर, फिरणारं आणि चाक वळवणारं नकल, आणि या बंद कोठडीत जॉइंट गरगरत असतो. मागच्या बाजूने फेल्ट (नमद्याची पट्टी) आणि पत्र्याच्या अर्धगोल पट्ट्या वंगण अडवतात. भरायला एक प्लग. जे काही या कोठडीत घालाल तेच जॉइंटला, किंगपिनच्या बेअरिंगना आणि चाक ज्यावर फिरतं त्या स्पिंडलमधल्या ब्राँझच्या बुशला पुरायला हवं. शिवाय आमच्या गाडीला फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून सुटं करणारे हब) नाहीत, म्हणजे टू व्हीलवर चालवतानाही चाकाबरोबर जॉइंट फिरतोच. "फोर व्हील लावतोच कितीदा, मग एवढी काळजी कशाला" हे म्हणणं इथे लागू पडत नाही.

नाशकातल्या द्वारकेच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना म्हटलं, "चाचा, आधी सगळं उघडू, मग काय घालायचं ते ठरवू."

"उघडायचं कशाला भाऊ? प्लग काढतो, ग्रीसगन लावतो, दहा मिनिटांत मोकळे."

शेवटी धुण्याचं काम मी करायचं, या बोलीवर ते तयार झाले.

ड्रम, हब, स्पिंडल निघालं आणि शाफ्ट बाहेर ओढला. आतलं दृश्य बघून निम्मा प्रश्न तिथेच सुटला. कोठडीच्या भिंतींना शिळ्या पिठल्यासारखं घट्ट पिवळट ग्रीस चिकटलेलं. तळाशी काळं पातळ पाणी, त्याला गिअर ऑइलचा तो उग्र गंधकी वास. आणि मधोमध, जिथे वंगणाची खरी गरज, तिथे जॉइंटच्या खाचा जवळजवळ कोरड्या. घट्ट ग्रीस फिरत्या जॉइंटने एकदा भिंतीवर भिरकावलं की तिथेच बसतं, खाली ओघळून परत येत नाही. जॉइंट आपल्यापुरता बोगदा करून त्यात सुका फिरत राहतो. बाहेरून प्लग उघडून बोट घातलं तर कोठडी भरलेली वाटते, आणि इथेच भलेभले फसतात.

तळाचं पातळ ऑइल मात्र आम्ही घातलेलं नव्हतंच. ते डिफरन्शियलमधून, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यातून, आलेलं. चेंडूच्या आत, एक्सलच्या नळीच्या तोंडाशी एक ऑइल सील असतं, त्याचा ओठ झिजून गुळगुळीत झाला होता. त्यात एक्सलचा ब्रीदर चिखलाने बुजलेला. डिफरन्शियल तापलं की आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती ऑइलला सीलमधून ढकलते. नकलमध्ये कितीही भारी ग्रीस घाला, मागून गिअर ऑइल येत राहिलं तर काही महिन्यांत त्याचं कालवण होणारच. म्हणून वंगणाचा डबा घ्यायच्या आधी सील आणि ब्रीदर. नवीन सील बसवताना ओठ डिफरन्शियलच्या बाजूला हवा. चाचांनी ते न बघता, नुसतं बोटाने चाचपून बरोबर बसवलं.

उजवी बाजू उघडली तर तिथे वेगळंच. ग्रीस पांढुरकं, म्हणजे ओढ्यातून जाताना पाणी शिरलेलं. आणि जॉइंटही डाव्यापेक्षा वेगळ्या जातीचा!

अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या जीपांमध्ये पुढच्या एक्सलला चार प्रकारचे जॉइंट बसवले गेले: बेंडिक्स, झेप्पा, ट्रॅक्टा आणि साधा स्पायसरचा क्रॉस. तीच वंशावळ पुढे महिंद्राच्या जुन्या जीपांत उतरली. झेप्पा हा फोर्डमधले इंजिनिअर आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२६ मध्ये काढला. पिंजऱ्यात सहा गोळ्या, सगळ्या एकाच वेळी भार घेतात. आधुनिक सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जॉइंटचा हा आजोबाच. ट्रॅक्टा फ्रान्समधला, ग्रेगोआर आणि फेनाय यांचा, तोही त्याच वर्षीचा. त्यात गोळ्या नाहीतच, नुसते एकमेकांवर घासत सरकणारे तुकडे, त्यामुळे त्याला पातळ, वाहतं वंगण लागतं. बेंडिक्समध्ये चार गोळ्या आणि मध्यभागी पिनेने अडकवलेली पाचवी. पण गाडी पुढे जाताना भार चारांपैकी दोनच गोळ्या घेतात, उरलेल्या दोन रिव्हर्सला.

आमच्या गाडीत उजवीकडे झेप्पा आणि डावीकडे बेंडिक्स निघाला. कोणीतरी कधीतरी भंगारातून हाताला लागला तो शाफ्ट लावलेला. डिझेलमध्ये धुऊन, पुसून मी बेंडिक्सच्या खाचांवरून नख फिरवलं. दोन खाचा काचेसारख्या, उरलेल्या दोनांत नख किंचित अडकतं. कट-कट कुठून येत होती ते कळलं. एवढ्याशा जागेवर इतका दाब येतो तिथे तेलाचा पापुद्रा तुटतो, म्हणून ईपी वंगण आणि शक्यतो मोली, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, हवं. ते धातूवर थर धरून राहतं.

आता निवडीकडे. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा घट्ट पदार्थ, बहुधा लिथियमसारख्या धातूचा साबण. ते किती घट्ट हे एनएलजीआय या ग्रीसचे दर्जे ठरवणाऱ्या संस्थेच्या आकड्यावरून कळतं. ठरावीक वजनाचा शंकू २५ अंशाला ग्रीसमध्ये सोडतात आणि तो किती खोल रुतला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. २ नंबरमध्ये २६५ ते २९५, ० नंबरमध्ये ३५५ ते ३८५, ०० मध्ये ४०० ते ४३०. आपल्याकडे गॅरेजमध्ये सर्रास मिळणारं एपी थ्री हे ३ नंबरचं, म्हणजे याहून घट्ट. व्हील बेअरिंगला ते चालतं. वाहून परत जॉइंटवर यायला हवं अशा कोठडीत त्याचं काय होतं ते आम्ही भिंतीवर बघितलंच होतं.

मग सरळ ईपी ९०? वंगण म्हणून उत्तम, प्रत्येक फटीत जातं. पण नव्या फेल्टलाही ते फार काळ अडत नाही, आणि गळून ब्रेक ड्रमपर्यंत पोचलं तर कसारा घाटात ब्रेकचे हाल. ऑइलच घालायचं असेल तर जीएल-५ पेक्षा जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल बरं, कारण जीएल-५ मधली जादा गंधक-फॉस्फरसची मात्रा ब्राँझला मानवत नाही, आणि बुश ब्राँझचं आहे. लँड रोव्हरवाल्यांनीही जुन्या गाड्यांच्या अशाच कोठडीत आधी ईपी ९० सांगितलं होतं, नंतर पातळ ग्रीसच्या पिशव्या देऊ लागले. मला तो पुरावा पुरेसा वाटला. मला ० नंबर हवं होतं. ०० आणखी वाहतं, पण एप्रिलमधलं नाशिक आणि जीपचा फेल्ट, दोन्हींचा विचार करता ० वर थांबलो. निफाडकडच्या थंडीतही ० अडून बसत नाही.

हे ठरवणं सोपं, मिळवणं अवघड. स्पेअरच्या दुकानांत एपी थ्रीचे डबे थप्पीने, मोलीचं ईपी २ ही मिळतं. ० नंबर म्हटलं की काउंटरवरचा मुलगा आत जाऊन शेठला विचारून येतो आणि "दोन नंबर आहे, तेच घ्या" म्हणतो. एका दुकानात तर मला "लाल वाला की निळा वाला?" असं विचारलं. रंगावरून ग्रीस ओळखायला जाऊ नका. लाल-निळा हा नुसता रंग असतो, आणि काळं दिसलं म्हणजे मोलीच असं नाही, ग्रॅफाइटही असू शकतं. लेबलवर साबण कोणता लिहिलाय ते वाचायचं.

शेवटी उपाय निघाला तो नाशिकच्या एमआयडीसीत. सातपूर-अंबडच्या प्रेस शॉपमध्ये मोठ्या मशिनींना पाइपांतून आपोआप ग्रीस पोचवायची व्यवस्था असते, आणि पाइपातून जायला ग्रीस पातळच लागतं. माझा एक मित्र मेंटेनन्सला आहे. तो म्हणाला, "ईपी झिरो? आमच्याकडे बादल्याच्या बादल्या. थोडं आणून देऊ का?" कंपनीचा माल नको म्हटलं, पुरवठादाराचा नंबर घेतला. पुरवठादार सुटं देईना, अख्खी बादलीच घ्यावी लागली.

घेताना मित्राने एक चांगली सूचना केली. कारखान्यात ग्रीस म्हणून जे दिसेल ते उचलायचं नाही. विजेच्या मोटरींच्या बेअरिंगचं बहुधा पॉलियुरिया असतं, भट्टीजवळचं बेंटोनाइट मातीचं, आणि ही दोन्ही लिथियमच्या ग्रीसमध्ये मिसळली की बरेचदा तेलावरची पकड सुटून सगळं पाण्यासारखं होतं. मी ईपी ० लिथियमचं घेतलं, आणि त्याच कंपनीचं लिथियमचंच मोली ईपी २ अर्धा किलो. तिसऱ्या सल्लागाराचं कालवणही त्या हिशेबाने अगदीच वेडेपणाचं नव्हतं. प्रश्न कशात काय कालवायचं एवढाच होता.

जोडणीचं काम चाचांचं, वंगणाचं माझं. चेंडूवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढला, कारण खरखरीत चेंडू नवा फेल्ट पहिल्याच पावसाळ्यात खातो. फेल्ट कोमट तेलात भिजवून मग बसवला. किंगपिनच्या बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन हाताने दाबून भरलं, वरच्या बेअरिंगमध्ये तर नीट निगुतीने, कारण कोठडीतलं वंगण तिथपर्यंत चढेल याचा भरवसा नाही. शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या) लावून नकल किती जड फिरतं ते चाचांनी हाताने जोखलं. मी हट्टाने ताणकाटा लावून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघितलं. चाचांचा अंदाज बरोबर होता, आणि ते त्यांनी मला दिवसभर ऐकवलं.

दोन्ही जॉइंटच्या खाचांत मोली ईपी २ बोटाने चोळून भरलं. शाफ्ट सरकवला, आणि बाकीच्या कोठडीत प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ईपी ०. वरची जागा मुद्दाम रिकामी ठेवली, तापल्यावर फुगायला. चाचांचा पोरगा गन घेऊन "अजून बसेल" म्हणत होता, त्याला थांबवावं लागलं. ठासून भरलं की पहिली वाट फेल्टमधूनच निघते. व्हील बेअरिंगला वेगळं, घट्ट लिथियम ग्रीस, त्यात ही पातळ भानगड नाही. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना निपलमधून ईपी २, चारही टोपणांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत.

पावसाळा गेल्यावर प्लग उघडून तार वाकवून आत घातली. तार ओली, ग्रीस एकसारखं, वास गिअर ऑइलचा नाही. डावा चेंडू आता टिपकत नाही, त्यावर हाताला लागेल इतकाच तेलाचा पापुद्रा असतो. तो असायलाच हवा, चेंडू अगदी कोरडा दिसला तर मला उलट काळजी वाटेल. उजवीकडे मात्र खालच्या अंगाला अजून थोडं ओलं राहतं, तिथल्या चेंडूला गंजाचे खड्डे आहेत आणि ते पॉलिश पेपरने जाणारे नाहीत. कट-कट कमी झाली, गेली नाही. झिजलेली खाच ग्रीसने भरून येत नाही, बेंडिक्सच्या जागी झेप्पाचा शाफ्ट मिळतो का ते बघतोय.

बादलीत बरंच उरलं होतं, ते ओळखीच्या जीपवाल्यांत वाटून टाकलं. सिन्नरचा एक जण जिप्सी घेऊन आला, त्यालाही हवं होतं. त्याला दिलं नाही. जिप्सीचं नकल बाहेरून बघितलं तर तसंच, बंद. पण सुझुकीने ते ग्रीस भरायच्या हिशेबानेच केलंय, आतला जॉइंट बर्फील्ड, म्हणजे झेप्पाच्याच घराण्यातला, मागचं सील वेगळं. ईपी ० घातलं तर पंधरवड्यात टायरवर ओघळ दिसतील. त्याच्यासाठी द्वारकेवरच्याच दुकानातून मोलीच्या ईपी २ चा डबा घेतला, आणि एक्सलच्या नळीतलं सील आधी बघ म्हणून बजावलं.